दोन अणुस्फोट झेलून एका गळतीनं बुडालेली क्रूझर: प्रिन्झ ऑयगेनचं प्रकरण

22 डिसेंबर 1946 रोजी प्रशांत महासागरात, क्वाजालीनच्या प्रवाळकड्याजवळ एक जर्मन क्रूझर कलंडली आणि उलटी होऊन बुडाली. पाच महिन्यांपूर्वी, चोवीस दिवसांच्या अंतरानं, तिनं दोन अणुस्फोट झेलले होते. दोन्ही वेळा ती तरंगत राहिली. बुडाली ती एका बारीक गळतीनं. ती गळती बुजवायला आत कुणाला पाठवायचं नाही, असं ठरलं होतं.

बोटीच्या इंजिनरूममध्ये अर्धं आयुष्य काढलेल्या माणसाच्या घशाखाली ही गोष्ट उतरत नाही. गळती म्हणजे आमचं रोजचं काम. लाकडी पाचर ठोका, सिमेंटची पेटी बांधा, पंप लावा, पुढच्या बंदरापर्यंत धकवा. म्हणून भाचीनं जेव्हा विचारलं, "मामा, पोरांना किरणोत्सर्ग शिकवायला एखादं प्रकरण द्या, हिरोशिमा सोडून," तेव्हा मी हेच काढलं. ती ग्वाल्हेरला बी.एस्सी.च्या मुलांना भौतिकशास्त्र शिकवते. मी निवृत्तीनंतर लष्करातल्या जुन्या वाड्यात परत आलो आहे. (बाहेरच्यांसाठी: लष्कर हे आमच्या शहराच्या भागाचं नाव, शिंद्यांच्या फौजेचा तळ होता म्हणून पडलेलं. फौजेत होता म्हणजे लष्करातच राहणार, असा विनोद इथं प्रत्येकजण एकदा करतो.) मेच्या दुपारी, वीज जाऊन-येऊन असताना, आम्ही दोघांनी हे प्रकरण मांडलं.

जहाज आणि दोन स्फोट

प्रिन्झ ऑयगेन 1940 मध्ये जर्मन नौदलात आली. मे 1941 मध्ये बिस्मार्क या युद्धनौकेबरोबर अटलांटिकमध्ये उतरलेली ती हीच. युद्ध संपल्यावर ती अमेरिकेच्या वाट्याला आली. जर्मन खलाशी उतरून गेले तेव्हा तिच्या बारापैकी अकरा बॉयलर बंद पडले. ते उच्च दाबाचे किचकट बॉयलर नव्या हातांना पेललेच नाहीत. हे वाचताना मला त्या अमेरिकन स्टोकरांची दया आली, हेही सांगून टाकतो.

1946 च्या जुलैत मार्शल बेटांतल्या बिकिनी कंकणद्वीपाच्या खाजणात नव्वदच्या आसपास जुनी जहाजं निशाण्यासाठी नांगरून ठेवली होती. मोहिमेचं नाव ऑपरेशन क्रॉसरोड्स. 1 जुलैचा पहिला बाँब, एबल, बी-29 विमानातून टाकला. तो निशाण्यापासून सुमारे साडेसहाशे मीटर चुकला आणि पाण्याच्या वर दीडशेएक मीटरवर फुटला. पाच जहाजं बुडाली. पण आगीचा गोळा पाण्याला टेकला नाही, त्यामुळे किरणोत्सर्गी माल बहुतेक ढगाबरोबर वर निघून गेला. बऱ्याच जहाजांवर माणसं लगेच परत चढू शकली. या पहिल्या बाँबनं सगळ्यांना गाफील केलं, असं माझं मत.

25 जुलैचा दुसरा, बेकर, पाण्याखाली 27 मीटरवर फुटला. ताकद जवळपास तीच, वीस किलोटनांच्या थोडी वर. पण आता सगळा माल समुद्राच्या पाण्यात कालवला गेला. पाण्याचा प्रचंड खांब उभा राहिला आणि कोसळला. कोसळताना त्याच्या पायथ्याशी धुक्याची एक भिंत उसळून चारी दिशांना धावली. इंग्रजी अहवालांत तिला बेस सर्ज म्हणतात. निशाण्याच्या जहाजांपैकी साराटोगा त्याच दिवशी बुडाली, आर्कान्सा तर क्षणात. जपानी नागातो पाच दिवसांनी, रात्री, कुणी पाहत नसताना. प्रिन्झ ऑयगेन जागेवरच होती. लांबून पाहणाऱ्याला ती धडधाकट दिसली असती.

खारट, किरणोत्सर्गी धुकं तिच्यावर बसलं, वाळलं आणि रंगाच्या भेगांत, गंजात, दोरखंडांच्या पिळांत, डेकच्या लाकडात मुरलं. खलाशांना ब्रश, साबण आणि कॉस्टिक देऊन घासायला लावलं. त्या घासण्याचे फोटो आहेत: उघड्या अंगाची पोरं, रांगेत, डेक घासताहेत. घासून रीडिंग थोडं उतरे आणि मग अडे. जे रंगात मुरलंय ते काढायचं तर रंगच काढावा लागतो.

मीटर काय सांगतो

भाचीनं मुलांसाठी पहिलं गणित इथं लावलं. स्फोटानंतरच्या मिश्र किरणोत्सर्गी मालाचा एक ढोबळ नियम आहे: वेळ सातपट झाली की मारा दहापट कमी. पहिल्या तासाला डेकवर 100 धरा. सात तासांनी 10. एकोणपन्नास तासांनी 1. तीनशे त्रेचाळीस तासांनी, म्हणजे दोन आठवड्यांनी, दशांश एक. न घासता, न धुता, नुसतं बसून. म्हणजे ऑगस्टच्या सुरुवातीला घासण्यानं जे उतरलं म्हणून आनंद झाला, त्यातलं किती ब्रशनं उतरलं आणि किती घड्याळानं, हे वेगळं काढल्याशिवाय कळायचं नाही. पोरांना हे फार आवडलं. मला तर लाजच वाटली. आम्हीही कवायतीत डेक धुऊन मीटर दाखवत असू, आणि हा प्रश्न कुणाला कधी पडला नव्हता.

जहाजाच्या पोटात गॅमाचा, म्हणजे पत्राही भेदून जाणाऱ्या किरणांचा, हिशेब वेगळा. या मालाच्या गॅमा किरणांना अर्ध्यावर आणायला साधारण पावणेदोन सेंटिमीटर पोलाद लागतं. या क्रूझरच्या कमरेचं चिलखत 80 मिलिमीटर जाड होतं, म्हणजे चारहून थोड्या जास्त वेळा निम्मं, विसाव्या हिश्श्याच्या आसपास. कागदावर आतला माणूस सुरक्षित. पण कमरेच्या चिलखताच्या खाली साधाच पत्रा, वर डेक पातळ, आणि बाहेरच्या पाण्यातही तोच माल. तेव्हा विसावा हिस्सा हा सगळ्यात चांगल्या जागेचा आकडा.

त्या वेळी माणसाला दिवसाला 0.1 रॉन्टजेन (किरणांच्या माऱ्याचं माप) ही मर्यादा धरत. गळतीच्या खणात पोचायच्या वाटेवर तासाला 0.4 रॉन्टजेन आहे असं समजा. (आकडा उदाहरणापुरता, आमचा.) म्हणजे माणसाला पंधरा मिनिटं. त्यात शिडी उतरणं, अंधारात बॅटरीवर वाट काढणं आणि परत वर येणं. आठ मिनिटं तरी जाण्यायेण्यात. उरलेल्या सात मिनिटांत पाचर ठोकायची. मी मुलांना वाड्याच्या तळघरात उतरवून खरोखर घड्याळ लावलं. दोघांची सात मिनिटं हातोडी शोधण्यातच गेली.

तरी हे जमण्यासारखं होतं. माणसं बदलत राहा, वाट पाहा, मारा रोज उतरतोच आहे. डिसेंबरपर्यंत याच नियमानं तो पहिल्या तासाच्या दहा-वीस हजाराव्या भागावर यायला हवा. मग पाच महिन्यांनीही ती 'दुरुस्तीला फार धोकादायक' का राहिली? इथं मीटरची कथा संपते.

कप्तानाची खोली

बाँबच्या पोटात सहा किलोच्या आसपास प्लुटोनियम. त्यातलं किलोभरच प्रत्यक्ष फुटलं. उरलेलं बारीक होऊन त्याच धुक्यात गेलं. प्लुटोनियम अल्फा किरण सोडतं. ते कागदानंही अडतात, कातडीनंही अडतात, आणि म्हणूनच बिकिनीवर हातात होते त्या गायगर काउंटरना, म्हणजे किरणोत्सर्ग मोजणाऱ्या मीटरना, ते दिसत नव्हते. खलाशांच्या अंगावरच्या फिल्म बॅजलाही नाही. पण धूळ होऊन फुप्फुसात गेलं की ते तिथंच बसतं. अर्धायुष्य, म्हणजे निम्मं उरायला लागणारा वेळ, 24,100 वर्षं, त्यामुळे सातपट-दहापटीचं घड्याळ त्याला लागूच नाही.

किरणोत्सर्ग सुरक्षेचे प्रमुख होते कर्नल स्टॅफर्ड वॉरन, पेशानं डॉक्टर. तोवर सगळ्यांनी एक गृहीत धरलं होतं: प्लुटोनियम असेल तर ते बाकीच्या गॅमावाल्या मालाबरोबरच असेल, म्हणजे गायगर शांत तर सगळं शांत. मग प्रिन्झ ऑयगेनवर, कप्तानाच्या खोलीत, प्लुटोनियम सापडलं. बरोबर तो दुसरा माल नव्हता. एकदा हे झालं म्हटल्यावर ते कुठंही असू शकतं, आणि हातातला मीटर ते सांगू शकत नाही.

दोघं वेगळे कसे झाले? माझा तर्क असा की धुण्यानंच. आयोडिन, सीझियमसारखे पाण्यात विरघळणारे पदार्थ पाण्याबरोबर वाहून जातात. प्लुटोनियम कणाला, गंजाला, पृष्ठभागाला चिकटून बसतं. म्हणजे आपण जितकं घासतो तितका मीटर शांत होतो आणि न दिसणारं मागं राहतं.

10 ऑगस्टला वॉरननी मोहिमेचे प्रमुख ॲडमिरल ब्लँडी यांच्यासमोर एक चित्र ठेवलं. खाजणातला एक सर्जनफिश फोटोग्राफिक फिल्मवर ठेवून दिला होता. कॅमेरा नाही, दिवा नाही. पोटातल्या किरणोत्सर्गानं माशानं स्वतःचाच फोटो काढला होता. ब्लँडींनी निर्जंतुकीकरणासारखं चाललेलं ते सगळं घासकाम त्याच दिवशी थांबवलं. सप्टेंबरमध्ये तिसरी चाचणी, चार्ली, रद्द झाली. उरलेली जहाजं क्वाजालीनला ओढून नेली.

भाचीला इथं शंका आली. "पण मामा, दुरुस्ती थांबवली ते धोका मोजून, की मोजता येत नाही म्हणून?" मला वाटतं, दुसरं. आणि त्या परिस्थितीत ते बरोबरच होतं. एक जुनी, निकामी क्रूझर वाचवण्यासाठी न दिसणाऱ्या धुळीत माणसं उतरवायची नाहीत, हा हिशेब मी असतो तरी असाच केला असता. फक्त 'फार धोकादायक' असं म्हणताना त्यात दोन वेगळे धोके एका शब्दात बांधले गेले, आणि पुढं वाचणारा ते एकच समजतो.

धुळीची आंधी

आता आमचा घरचा भाग. ग्वाल्हेरला मे-जूनमध्ये आंधी येते. पश्चिमेकडून आकाश पिवळं पडतं, दारं आपटतात, आणि दहा मिनिटांत अंगणातली तुळस दिसेनाशी होते. घराघरात वाळ्याचे कूलर असतात. कूलर म्हणजे काय, बाहेरची हवा ओल्या वाळ्यातून ओढून घरात सोडणारा मोठा पंखा. बोटीच्या व्हेंटिलेशनचा सख्खा भाऊ.

एका आंधीच्या आधी आम्ही दोन खोल्या निवडल्या. एकीतला कूलर चालू ठेवला, दुसरीतला बंद करून त्याच्या तोंडावर ओली चादर लावली. दारं-खिडक्या दोन्हीकडे बंद. आंधी गेल्यावर भाचीनं ओल्या पांढऱ्या कापडाचे सारख्या मापाचे तुकडे केले, आणि ठरलेल्या जागा एकेकदा पुसून पाकिटांत भरून नावं घातली: टेबल, कपाटाचा माथा, कूलरची आतली जाळी, देव्हाऱ्यामागची भिंत, मडक्याचं झाकण. किरणोत्सर्गाच्या कामातही असंच करतात. मीटर जवळ नेऊन जे कळत नाही ते पुसून, कापड स्वतंत्रपणे मोजून कळतं. हातानं हलणारी धूळ किती, ते पुसल्याशिवाय दिसत नाही.

चालू कूलरच्या खोलीत टेबलावरचं कापड फिकट तपकिरी झालं. कूलरच्या आतल्या जाळीवरचं कापड जवळजवळ काळं. पण बंद खोलीत देव्हाऱ्यामागचं कापडही चांगलंच मळलं होतं. शोधलं तर भिंतीत वायरीसाठी पाडलेलं जुनं भोक निघालं, कागदाच्या बोळ्यानं बुजवलेलं. आईनं कधीतरी बुजवलं असणार. आणि बंद कूलरच्या खोलीत आम्ही दोघं घामानं निथळत होतो, हेही नोंदीत लिहिलं. जहाजावर याचंच मोठं रूप असतं. पंखे बंद केले तर धूळ येत नाही, पण बॉयलरला हवा लागते. तेल जाळायला हवा ओढणं थांबवलं तर जहाजच थांबतं, आणि ढगात थांबणं म्हणजे मारा वाढवणं.

म्हणूनच बिकिनीच्या आकड्यांकडे सावधपणे पाहावं लागतं. निशाण्याची जहाजं रिकामी होती. पंखे बंद, बॉयलर थंड, माणसांची ये-जा नाही. आत जे गेलं ते आपोआप, भेगांतून आणि उघड्या तोंडांतून गेलं. चालत्या जहाजात किती गेलं असतं, हे प्रिन्झ ऑयगेन सांगूच शकत नाही. हा प्रश्न अमेरिकन नौदलालाही पडला. 1954 च्या कॅसल या अणुचाचण्यांच्या मालिकेत दूरनियंत्रणानं चालणारी दोन मालवाहू जहाजं ढगाखालून नेली. एकावर सतत पाणी फवारणारी व्यवस्था होती, दुसऱ्यावर नव्हती. 1958 मध्ये एनेवेटाकला वाहू आणि अम्ब्रेला या पाण्याखालच्या स्फोटांच्या वेळी विनाशिका नांगरून, व्हेंटिलेशन आणि बॉयलरच्या हवेच्या वाटेनं आत काय येतं, ते मोजलं.

पाणी फवारण्याची व्यवस्था आमच्याकडे प्री-वेटिंग म्हणून शिकवली. लोणावळ्याला, आयएनएस शिवाजी या नौदलाच्या प्रशिक्षण केंद्रात, एनबीसीडीच्या (अणु, जैविक, रासायनिक हल्ल्यापासून बचावाच्या) कोर्समध्ये. तेव्हा मला ती पावसात छत्री धरून आंघोळ केल्यासारखी वाटायची. गच्चीवर कळली. आंधीच्या आधी भाचीच्या मुलानं अर्ध्या गच्चीवर सडा टाकला होता, उन्हाळ्यात टाकतात तसा. उरलेल्या अर्ध्यात मी नळी सोडून ठेवली, पाणी मोरीकडे वाहत होतं. आंधीनंतर सड्याच्या भागावर चिखलाचा पापुद्रा बसला होता, खराट्यानंही निघेना. नळीचा भाग जवळजवळ स्वच्छ. पाणी वाहतं हवं आणि धूळ यायच्या आधी सुरू हवं. नुसता ओला पृष्ठभाग धुळीला डिंकासारखा धरून ठेवतो. बेकरनंतर जहाजांवर असंच काहीसं झालं होतं: ओला माल कोरड्या रंगावर बसला आणि वाळला.

स्वच्छ जहाजं

या प्रकरणातला सगळ्यात अस्वस्थ करणारा भाग निशाण्याच्या जहाजांचा नाहीच. मदतीला आलेली, खलाशांनी भरलेली, स्फोटापासून दूर ठेवलेली जहाजं नंतर त्याच खाजणात येऊन उभी राहिली. त्यांच्यावर धुकं पडलं नव्हतं. पण जहाज समुद्र पितं. कंडेन्सर थंड करायला समुद्राचं पाणी, पिण्याचं पाणी करायला इव्हॅपोरेटरमध्ये समुद्राचं पाणी, आग विझवायच्या नळांत समुद्राचं पाणी. या नळांत आतून क्षाराचा थर जमतो. ज्यानं तो छिन्नीनं काढलाय त्याला तो स्वप्नातही दिसतो. पाण्यातला किरणोत्सर्गी माल या थरात साठत गेला. बुडाच्या शेवाळात आणि शंखांतही साठला. पाण्याचं रीडिंग किरकोळ, पण थराचं वाढत जाणारं. आणि इव्हॅपोरेटर उघडून साफ करणारा माणूस तोंड त्या थराच्या वितीभर अंतरावर नेऊन छिन्नी चालवतो, धूळ उडवतो. पुढं ही नळकांडी आम्लानं धुवावी लागली.

इथं भाचीनं मला थांबवून फळ्यावर जहाजाचं पोट काढायला लावलं. मी दोन रंगांत वाटा काढल्या, हवेची निळी आणि पाण्याची हिरवी. कुठं वळण, कुठं गाळणी, कुठं पाणी थांबतं, कुठं थर बसतो. आम्ही डेकवर एकही खूण केली नाही. धोका मोजायला कुठं जायचं हे त्या दोन रेषा सांगत होत्या: पंख्यांच्या जाळ्या, बॉयलरच्या हवेची तोंडं, इव्हॅपोरेटरची कॉइल, बुडाचा खण. आजच्या लढाऊ जहाजांत माणसांचे विभाग सीलबंद करून आत थोडा जास्त दाब ठेवतात, म्हणजे भेग असली तरी हवा बाहेर जाते, आत येत नाही. आम्ही त्याला सिटाडेल म्हणतो. आमच्याच गावात झाशी रोडवर डीआरडीई आहे, रासायनिक-जैविक संरक्षणाचं काम करणारी सरकारी प्रयोगशाळा. तिच्या भिंतीजवळून रोज जाणाऱ्या मुलांनाही हा शब्द नवा होता. देव्हाऱ्यामागच्या भोकाचा बोळा दाखवला तेव्हा कळला.

पुढे

बेकरनंतर तगलेल्या निशाण्यांपैकी फक्त नऊ जहाजं स्वच्छ करून भंगारात विकता आली. बाकीची समुद्रात बुडवली. प्रिन्झ ऑयगेन डिसेंबरमध्ये एका कुशीला झुकू लागली. वेळेत मदत पोचली नाही, उथळावर ढकलायचा प्रयत्न झाला आणि ती उलटली. तिचा एक प्रॉपेलर जर्मनीत लाबो इथल्या नौदल स्मारकाजवळ ठेवला आहे. 2018 मध्ये तिच्या टाक्यांतलं तेल काढून घेतलं. तोवर लोकांना तिची भीती होती ती तेलाची.

भाचीनं परीक्षेत प्रश्न घातला: तुम्ही बेकरनंतर तीन आठवड्यांनी या जहाजावर चढणार आहात, पहिल्या तासात काय कराल? उत्तरांत बहुतेकजण गायगर घेऊन डेकवर फिरले. एका मुलीनं लिहिलं होतं, "आधी विचारीन, स्फोटाच्या वेळी पंखे चालू होते की बंद. मग कापड घेऊन जाळ्या पुसीन." गुण देताना भाचीनं मला फोन करून विचारलं, दहापैकी किती. मी म्हटलं, नऊ. कापड ओलं हवं, हे ती लिहायला विसरली होती.